आवाज द्रुतावर लाव

आरमोरी, कोजागरी

चि. सुहास,

काल तुझ्या आईचा, शोभाचा फोन आला. तुझ्या नव्या हेडफोनच्या किमतीवरून ती तोंडसुख घेईल असं वाटलं होतं, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, "दादा, कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या तरी हा आतून विचारतो, भात लावला का?" ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. मागच्या खेपेला फोनवर तू सारखं "काय?" विचारत होतास, ते मी रेंजच्या नावावर घातलं होतं.

आबाजींना, तुझ्या आजोबांना, ऐकू येत नव्हतं एवढंच तुला माहीत. ऐकणं कसं गेलं हे कुणी सांगितलं नसेल. बल्लारशाच्या आरागिरणीत त्यांची हयात गेली. कान एकदम गेले नाहीत. आधी वरचे आवाज गेले. चिमण्या, सायकलची घंटी, मग बोलण्यातले स, श, त. कुणी बोलतंय हे कळायचं, काय बोलतंय ते कळायचं नाही. दंडारीत तबला वाजवणारा माणूस! डग्ग्याची घुमक लागायची, पण तबल्याची चाट ऐकू येईना. सूर चढलाच नाही म्हणून हातोडीने ठोकत बसायचे. एकदा पुडी फाटली तेव्हा हात थांबला.

तू आठ तास टर्बाइनच्या आवाजात असतोस. तिथे कानावर मफ घालतोस ना? मनापासून सांग, आईला सांगतोस तसं नको. ८५ डेसिबलला आठ तास, ही कानाची मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० वर गेलं की जेमतेम पाव तास. आतल्या कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. महागाचं यंत्र घेतलं म्हणून कान नवे मिळत नाहीत, बाबू.

तू माझ्याकडे चांगल्या ध्वनिमुद्रणांची यादी मागितली होतीस. मी हौसेने काढून ठेवली होती, आता पाठवायला हात धजत नाही. पाठवतो, पण अटीवर.

पहिली, १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. संतूरचा ठोका पडल्यावर झंकार कुठवर विरत जातो ते ऐक. दुसरी, विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३ ची. कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये, एकमेकांना छेदून ठेवलेल्या दोन मायक्रोफोनवर घेतलेली. वाजवणारे दोघे थोड्याच वेळापूर्वी पहिल्यांदा भेटलेले. डोळे मिटलेस तर डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण हे बोट दाखवून सांगशील.

आता अट. सिनेमाच्या बहुतेक गाण्यांत लहानमोठा आवाज दाबून एका पातळीवर आणलेला असतो. चांगल्या ध्वनिमुद्रणात हळू ते खरोखर हळू राहतं. आलापी पुरेशी ऐकू येत नाही म्हणून तू बटण फिरवतोस, पुढे द्रुत येतं, झाला येतो, आणि बटण तिथंच राहतं. रंगात आल्यावर कोण हात लावतो? म्हणून आधी द्रुताचा तुकडा लाव, कानाला सोसेल तेवढा आवाज ठेव, मग सुरुवातीपासून ऐक. आलापी हळू वाटली तर पंखा बंद कर, खिडकी लाव. बटणाला हात नको.

तिसरी केसरबाई केरकरांची भैरवी. साडेतीन मिनिटांची, खरखर भरपूर. तुझे यंत्रवेडे मित्र नाक मुरडतील. मुरडू देत. त्या जुन्या तबकड्यांत लाख असायची, आपल्याकडे पळसावर, कुसुमावर धरते तीच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत हीच भैरवी घातली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं, १६ ला बाई गेल्या. असलं गाणं आवाज वाढवून मोठं होत नाही.

आबाजींचं पुन्हा मनात येतं. वडसा-आरमोरीच्या नाटकांना मी त्यांना बरोबर न्यायचो. ते भर प्रवेशात मोठ्याने विचारायचे, "काय म्हणाली ती?" आजूबाजूचे लोक वळून बघायचे. विशीतला मी, लाजायचो. पुढे हळूहळू न्यायचं टाळलं. त्यांनी कधी विचारलंही नाही, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला की सांजेला नुसते तयार होऊन अंगणात बसायचे. म्हणून शोभा हसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

फार बोललो. राग धरू नकोस. तू पैसे सुरांवर उधळलेस याचं मला आतून कौतुकच आहे; आपल्या घरात तेवढं वेड कुणीतरी टिकवायलाच हवं. पण दिवाळीच्या आत कानाची ऑडिओमेट्री करून घे आणि तो कागद मला फोनवर पाठव. काही निघालं तर बोलू, घाबरायचं नाही, मी येतो तुझ्याबरोबर.

भाऊबीजेनंतर मंडईच्या जत्रेला ये. नाटक बघू, पण ध्वनिक्षेपकांपासून लांब, मागे बसू. येताना ते हेडफोन आण, मला त्यावर संतूर ऐकायचं आहे. चांदाफोर्टहून कोणत्या गाडीने निघतोस ते कळव, वडसा स्टेशनवर घ्यायला येतो.

तुझा,
मामा