मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात आधी पानांचा विचार करा

बांधाकडेची घाणेरी काढली की कोपरा एकदम उजळतो आणि काहीतरी लावून टाकण्यासाठी हात शिवशिवतात. जरा थांबा. घाणेरीच्या फुलांवर मधासाठी फुलपाखरे येतच होती. तक्रार एवढीच की ती आपल्या सावलीत दुसरे काही वाढू देत नाही. तिच्या जागी नुसती शोभेची फुलझाडे लावली, तर फुलपाखरे मध पिऊन निघून जातील. अंडी घालायला त्यांना ठरावीक झाडांचीच पाने लागतात. फुलांवर पाहुणे येतात, संसार पानांवर होतो.

जागेची तयारी

छाटलेली घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटते. मृगाच्या पावसाने जमीन भिजली की उरलेले बुंधे कुदळीने मुळांसकट काढावेत. जमिनीतले बी पावसाळाभर उगवत राहते. दर पंधरा दिवसांनी कोवळी रोपे उपटावीत. शंका आली तर पान चुरगळून वास घ्यावा, ओळख लगेच पटते. झुडपांसाठी दीड, तर झाडासाठी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन माती आणि कुजलेल्या शेणखताने भरावा.

काय लावावे? (२० × २० फूट जागेसाठी)

• उत्तरेकडे एक पांगारा, म्हणजे बाकीच्या झाडांना ऊन मिळेल. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने झडून लाल फुले येतात. त्यावर सूर्यपक्षी, बुलबुल, मैना तुटून पडतात.
• मध्ये दोन कढीपत्ते आणि एक कागदी लिंबू. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते.
• एका बाजूला रुई. प्लेन टायगरच्या अळ्या तिच्यावर पोसतात. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.
• मधासाठी अडुळसा, तुळस, सब्जा.
• बाहेरच्या कडेला तीन-तीन फुटांवर करवंद. जाळी दाटली की शेळ्या आत येत नाहीत आणि बुलबुलांना फळे मिळतात.

सुबाभूळ टाळावी, तिचे बी सगळीकडे उगवते. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित फुलांत कीटकांना मधापर्यंत पोचणे अवघड जाते.

अळी दिसली तर

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले तर काडीने हळूच डिवचून पाहावे. डोक्यामागून दोन लालसर शिंगे बाहेर आली आणि उग्र वास सुटला, तर ती फुलपाखराची अळी. बागेतल्या लहान कलमांवर हीच अळी नुकसान करते. तिथून हाताने वेचून ती या कोपऱ्यातल्या लिंबावर सोडावी. इथे मात्र कोणतीही फवारणी नको, निंबोळी अर्कसुद्धा नाही. तोही अळ्यांना मारतो.

देखभाल

पालापाचोळा जाळू नये. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून त्याचा चार बोटे थर द्यावा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. एका उथळ परळात खडे ठेवून पाणी भरावे.

भाद्रपदापर्यंत कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसतील. घाबरू नये. दोन झाडे सांगितली ती एवढ्यासाठीच: एक फोडणीचे, एक अळ्यांचे.