चामडी मासा खा, पण डोकं कापायच्या आधी ओळखा



आज एका अशा माशाबद्दल लिहितो, जो आपण जाळ्यातून काढून सरळ फेकून देतो. चपटा, करडा, तोंड एवढंसं, डोक्यावर एक काटा आणि कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत. इंग्रजीत याला लेदरजॅकेट म्हणतात, फाइलफिश पण म्हणतात. प्रत्येक गावात नाव वेगळं, म्हणून इथे आपण त्याला चामडी म्हणू.

ऑस्ट्रेलियात हा मासा डोकं काढून, सोलून बाजारात विकतात आणि लोक आवडीने खातात. जपानी भाषेत याच्या एका जातीचं नावच "कातडी सोलायचा" अशा अर्थाचं आहे. मांस पांढरं, घट्ट, मधला काटा सोडला तर बारीक काटे फारसे नाहीत. पोरांना द्यायला चांगला.

मग हा धडा कशाला? गेल्या मोसमात आपल्या एका सभासदाने खडपाजवळ गरीला मिळालेले मासे होडीतच सोलले आणि डोकी काढून बालदी भरून आणली. "बघा, सगळी चामडी. आज पोरांना तळून घालतो." आम्ही बालदीत हात घातला, तर दोन तुकडे बाकीच्यांपेक्षा गोल लागले. होडीच्या तळाशी शोधलं, तेव्हा केंडाचं डोकं मिळालं. अख्खी बालदी खड्डा खणून पुरली. तो रागावला, मेहनत फुकट गेली म्हणाला. मेहनत गेली हे खरं, पण त्या रात्री त्याच्या घरात सगळे सुखरूप झोपले.

केंडाचं विष त्याच्या काळजात, गाबोळीत, आतड्यात आणि काही जातींच्या कातडीतही असतं. तळलं, उकळलं, आंबट घातलं तरी ते जात नाही. त्यावर उतारा नाही.

ओळख: तीन गोष्टी बघा

१) पाठीवरचा काटा. चामडीला डोळ्याच्या वर एक उभा काटा असतो. केंडाला तिथे काही नसतं, त्याचा पाठीचा पर शेपटीकडे असतो. पण चामडीचा हा काटा पाठीवर आडवा पडतो, काही जातींत तो बारीक असतो आणि जाळ्यात मोडतोही. म्हणून काटा दिसला नाही तर पुढचं बघा.

२) अंग. चामडी फळीसारखी चपटी. केंड गोल, नळीसारखं.

३) दात. चामडीचे दात बारीक आणि सुटे. केंडाला पोपटाच्या चोचीसारखे वर दोन, खाली दोन.

कातडी खरखरीत आहे म्हणजे चामडीच, असं धरू नका. केंडाच्या काही जातींच्या अंगावरही बारीक काटे असतात. आणि मेलेलं केंड दर वेळी फुगलेलं नसतं.

चामडीतली एक जात मात्र आपण खायची नाही. लांबट अंग, त्यावर निळ्या वाकड्यातिकड्या रेघा आणि काळे ठिपके. या जातीच्या आतड्यात जबर विष सापडलेलं आहे. ती मिळाली तर परत पाण्यात सोडा. साधी करडी, ठिपक्या-रेघांशिवायची मोठी चामडी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिळते, अडीच फुटांपर्यंत वाढते. खायची ती ही.

पकडायची कशी

हिच्यासाठी लांब जायची गरज नाही. खडप, जेटीचे खांब, शेवाळ असलेली जागा, अशा ठिकाणी चामडी फिरते. एक-दोन तास, थोडंसं पेट्रोल, नाहीतर वल्ह्यावरच.

चूक होते ती गळात. तोंड लहान, म्हणून मोठा गळ लागतच नाही. आठ किंवा दहा नंबरचा, लांब दांड्याचा गळ घ्या. दांडा लांब असला की दात तंगूसापर्यंत पोचत नाहीत, नाहीतर तंगूस कापून जातो. आमिष नखाएवढं, सुंगटाचा किंवा माणक्याचा तुकडा. शिसं हलकं. बारीक टुकटुक जाणवली की झटका मारू नका, हळू वर उचला. झटका दिला की आमिष जातं आणि मासा राहतो.

वर आल्यावर काट्याला जपा. तो उभा राहिला की अडकून बसतो, जोर लावून खाली पडत नाही. त्याच्या मागे एक छोटा काटा असतो, तो दाबला की मोठा सुटतो. पक्कड जवळ ठेवा. तोंडात बोट घालू नका.

आणि नांगर टाकताना लाट फुटते तिथून दूर. घराजवळ आहोत म्हणून लाइफ जॅकेट घरी ठेवायचं नाही. खडपावर आपटलेल्या होडीला किनारा जवळ असून उपयोग होत नाही.

सोलायची कशी

होडीत सोलायची नाही. मासा डोक्यासकट बर्फात घरी आणा, पण लवकर आणा. घरी प्रत्येक मासा हातात घेऊन तिन्ही खुणा बघा. मग पाठीच्या काट्याच्या मागून सुरी लावा, मणका कापा, पोटाच्या अलीकडे थांबा. डोकं खाली ओढा, बरीचशी आतडी त्याबरोबर येतात. काळीज, गाबोळी काही ठेवायचं नाही. कापलेल्या कडेपासून कातडी शेपटीकडे ओढली की सदरा काढल्यासारखी निघते. हात घसरला तर मीठ लावा.

तळायचं तर हळद, मीठ, मिरची, सोलाचं आगळ आणि वर रवा. हुमणात तिरफळ घालून छान लागते. मांसात तेल कमी, म्हणून जास्त शिजवू नका, कोरडं होतं.

चुकून खाल्लंच तर

ओठ, जीभ, बोटं बधिर होणं, मुंग्या येणं, उलटी, हातपाय गळणं. हे काही मिनिटांत सुरू होऊ शकतं किंवा काही तासांनीही. घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा, उरलेला मासा सोबत न्या. श्वास बंद पडू शकतो, पण वेळेत हॉस्पिटलात पोचलेला माणूस मशीनच्या श्वासावर तग धरून वाचू शकतो.

सोसायटीची विनंती

विकायला आणताना चामडी डोक्यासकटच आणा. गिऱ्हाईकाने सोलून मागितली तर त्याच्या समोर सोला. डोकं नसलेली चामडी आम्ही काट्यावर घेणार नाही, कितीही ताजी असली तरी. कुणाला शंका आली तर मासा तसाच घेऊन ऑफिसात या, आपण मिळून बघू. तरीही शंका राहिली, तर तो मासा खायचा नाही. एक मासा फेकला तर नुकसान एका माशाचं.

आणि तुमच्या वाड्यावर चामडीला काय म्हणतात ते जरूर कळवा. पुढच्या वेळी सगळी नावं एकत्र लिहू, म्हणजे बोलताना घोटाळा नको.

दर्या सांभाळून करा.