पखवाज गिळणारे बॉक्स

‘खोली दहा बाय दहा. चिऱ्याच्या भिंती, आतून गिलावा, वर स्लॅब. भजनाचं रेकॉर्डिंग-मिक्सिंग करतो. पाच इंची मॉनिटर बघतोय.’ हा माझा मेसेज. अजून मोबाइलमध्ये आहे. पुढे ‘तुम्ही खोलीबद्दल काही बोललाच नव्हतात’ असं मला ऐकवण्यात आलं, तेव्हा मी तोच परत पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

दुकान मुंबईतलं, नाव घेत नाही. कणकवली-कुडाळला मांडवात लावायचे बॉक्स हवे तेवढे मिळतात, पण स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे मिक्सिंग करताना ऐकायचे स्पीकर, लावून, बसून, ऐकून घ्यावेत असं ठिकाण मला तरी सापडलं नाही. आमच्या आचऱ्यातून मुंबईला फोनच लावावा लागतो, आणि फोनवर माणूस विकणाऱ्याच्या हातात असतो. “पाच इंचीत पखवाज ऐकूच येणार नाही दादा. भजनवाले ना तुम्ही? मग आठ इंचीच घ्या, परत परत खर्च नको.” खोली लहान आहे म्हटलं, तर म्हणाला, “खोलीचं काय घेऊन बसलात? आवाज कमी ठेवायचा.”

या शेवटच्या वाक्याचे मी पैसे मोजले.

माल आला. मोठे, देखणे, वजनदार बॉक्स. पहिलं गाणं लावल्यावर घरातली सगळी दारात येऊन उभी राहिली. एका डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, रेकॉर्डिंग हातात होतंच. पखवाज फारच घुमत होता, म्हणून खालचा भाग कापला, झांज जरा मागे नेली, पेटी पुढे घेतली. खोलीत सगळं जागच्या जागी बसलं. फाइल त्यातल्या एका बुवांना पाठवली आणि रात्री त्यांचा फोन. “अरे, ह्यां काय केलंस? माझो पखवाज खंय गेलो? डबो बडवल्यासारख्यां वाटता!”

मोबाइलवर ऐकलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी रिक्षात ऐकलं, शेजाऱ्याच्या म्युझिक सिस्टिमवर ऐकलं. बुवांचंच खरं. गजर चढतोय, झांज कानात जातेय, आणि खालून ‘धूम’ म्हणून जे यायला हवं तिथे नुसती टकटक.

उलगडा झाला तो दार लावायला उठलो म्हणून. गजर चालूच होता. मागच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून उठून खोलीच्या मध्यावर आलो, तर धूम जवळजवळ नाहीशी. आणखी चार पावलं टाकून समोरच्या भिंतीशी गेलो, तर पुन्हा दणका. परत मध्यावर, परत गायब. तीच फाइल, तोच आवाज, बटणाला हात लावलेला नाही. खोलीभर इकडून तिकडे फिरत होतो. पत्नीने विचारलं काय चाललंय, तेव्हा तिलाही उठवून चालायला लावलं. तिलाही तसंच ऐकू आलं.

कारण शाळेतल्या विज्ञानाचं आहे. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट, म्हणजे तीन मीटरच्या आसपास अंतर असेल, तर 57 हर्ट्झच्या जवळचा सूर त्यांच्यामध्ये अडकून बसतो. भिंतीशी तो फुगतो, मध्यावर मरतो. दुप्पट कंपनांवर, 114 च्या आसपास, हाच खेळ पुन्हा, फक्त फुगण्या-मरण्याच्या जागा बदलतात. आणि खोली चौरस असली की दोन्ही जोड्यांच्या भिंती एकाच सुरावर भांडतात. आवाज कमी केला तर ही फूग आणि हा खड्डा दोन्ही सारखीच लहान होतात, प्रमाण तेच राहतं. म्हणजे ‘आवाज कमी ठेवायचा’ हा सल्ला म्हणजे शुद्ध थाप. आठ इंची बॉक्सचं बळ नेमकं या खालच्या सुरांत, त्यामुळे त्याने आगीत तेल ओतलं. वर त्या धुडांना टेबलावर ठेवून मागे हातभर जागा सोडायची, तर माझी खुर्ची भिंतीला टेकणारच. तिथे बसून ऐकताना पखवाज जास्त वाटणार, मी तो कापणार, आणि बाहेरच्या जगात डबा वाजणार. कानांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

आता लहान खोलीत काम करणाऱ्यांसाठी.

खोलीचं माप आधी, बॉक्सचं माप मागून. दहा-बारा फुटी खोलीला पाच इंची पुष्कळ झाला, टेबल अगदी भिंतीला लागत असेल तर साडेतीन इंचीही चालतो. कागदावरच्या आकड्यांना भुलू नका. यामाहाच्या एचएस 5 या पाच इंचीचं उदाहरण घ्या. कंपनीच स्वतः दोन आकडे देते. दहा डेसिबल पडझड धरली तर तो 54 हर्ट्झपर्यंत उतरतो, आणि तीनच डेसिबल धरली तर 74 पर्यंत. बॉक्स एकच. विकणारा कोणता सांगणार, हे सांगायला नको. ‘किती डेसिबलला?’ एवढंच विचारा. समोरचा गडबडला तर दुसरं दुकान बघा. प्रीसोनसचा एरिस साडेतीन इंची 80 च्या आसपास थांबतो. मग पखवाजाच्या तळाची खात्री हेडफोनवर करायची, त्यात कमीपणा नाही. न ऐकू येणाऱ्या बेसला निदान माणूस हात लावत नाही. खोटा बेस ऐकणारा कात्री चालवतो.

किंमत विचारताना ‘जोडीची की एका नगाची’ हे आधी. काही मॉडेल जोडीने विकली जातात, काही सुटी, आणि ऑनलाइन फोटोत मात्र कधी कधी दोन दिसतात. बिलावर सिरियल नंबर हवा, वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची हवी. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. खोका टाकू नका. बाकी चार ठिकाणी चौकशी करा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात.

स्पीकरच्या पांढऱ्या कोनलाही भुलू नका. त्याचा मान यामाहाच्या एनएस-10 मुळे. 1978 साली घरगुती स्पीकर म्हणून आलेला तो बॉक्स जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. कानाला गोड म्हणून नव्हे, तर मिक्समधलं वाकडं तो बिनदिक्कत दाखवायचा म्हणून. 2001 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. नुसत्या पांढऱ्या रंगाने तो स्वभाव येत नाही.

ऐकायला जाल तेव्हा दुकानातलं गाणं ऐकू नका. ते दुकानाला शोभणारंच असतं. स्वतःचं रेकॉर्डिंग न्या. माझी परीक्षा झांजेची. दहा मिनिटं झांज ऐकून डोकं दुखायला लागलं तर वरचा छोटा स्पीकर कर्कश आहे, रात्रभर त्याच्यासमोर बसवणार नाही.

हमचा त्रास वेगळा. जोडल्याबरोबर बारीक घूं सुरू झाली, त्यावर दुकानदाराचा इलाज: “प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.” हे मी मुद्दाम ठळक सांगतोय, कारण हा सल्ला बरेच जण देतात. असं कधीही करू नका, जिवाशी खेळ आहे. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग लुळं होतं. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडल्यावर निम्मी घूं गेली. उरलेली, इंटरफेसपासून बॉक्सपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस केबल टाकल्यावर. त्या केबलींची किंमत आधीच बजेटात धरा.

खोलीसाठी अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, बेसला ते दिसतसुद्धा नाहीत. इंचभर फोमचंही तेच. कोपऱ्यांत चार इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनेल कापडात गुंडाळून उभे केले तर काहीतरी होतं. आमच्याकडे मात्र भिंतीपासून चार बोटं सुटे ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मागून बुरशी धरते. स्टँडवर पैसे घालवायची गरज नाही. एकावर एक चिरे, वर रबराचा तुकडा, त्यावर बॉक्स. छोटा स्पीकर कानाच्या उंचीला. टेबल थरथरत नाही आणि चिरा दारातच मिळतो. वीज गडगडायला लागली की प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. (शांततेचं म्हणाल तर गावपळणीतले, म्हणजे अख्खं गाव वेशीबाहेर राहायला जातं ते, तीन दिवस रेकॉर्डिंगला अप्रतिम. अडचण एवढीच की तेव्हा रेकॉर्ड करणाऱ्यालाही गावात राहता येत नाही.)

तक्रारीचं विचाराल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मुंबईला खेपा घालायला नकोत. पण वकील मित्र म्हणाला, मालात बिघाड असता तर सरळ होतं, इथे बॉक्स उत्तम आहेत आणि खोटा होता तो सल्ला, तोही फोनवर तोंडी. म्हणून म्हणतो, सल्ला लेखी मागा. ‘या मापाच्या खोलीला हे चालतील’ एवढी एक ओळ मेसेजवर घ्या. ती लिहायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका. माझ्या वाट्याला ‘वापरलेला माल परत होत नाही’ हे छापील वाक्य आलं, आणि त्यानंतर त्याच नंबरावरून सबवूफरच्या सवलतीची जाहिरात.

आता पाच इंची जोडी चिऱ्यांवर आहे, बुवांचा पखवाज जागेवर आहे. आठ इंची जोडी विकायला काढलीय, खोक्यासकट, बिलासकट. घेणाऱ्याने आधी खोलीची लांबी-रुंदी लेखी कळवावी. पंधरा बाय वीसच्या आत असेल तर मी देणार नाही.