आठशे ओळी, सातशे माणसं

कुठल्याही कॉलेजात याद्यांना तोटा नसतो. माजी विद्यार्थ्यांची यादी एका ऑफिसात असते. वर्कशॉपला नावं दिलेल्यांची यादी कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर असते, आणि देणगीदारांची एखाद्या सीनियरच्या मेलबॉक्समध्ये. कार्यक्रम जवळ आला की या सगळ्या याद्या गोळा होतात, एकीखाली एक चिकटवल्या जातात आणि एकच मेल सगळ्यांना सुटतो. मग एकाच माणसाला तीन निमंत्रणं मिळतात आणि ज्याला खास वेगळं पत्र जायला हवं होतं, त्यालाही तेच छापील पत्र जातं.

याद्या एकत्र करणं हे कारकुनी काम आहे असं आपल्याला वाटतं. पण या विषयात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की यात गणित आहे, थोडं संख्याशास्त्र आहे आणि बराचसा भाग साध्या सभ्यतेचा आहे. मित्रांनो, हे तिन्ही आपण क्रमाने पाहू.

आधी गणित

समजा, अ ही माजी विद्यार्थ्यांची यादी आहे, तिच्यात ४०० नावं. ब ही वर्कशॉपची, २५० नावं. क ही देणगीदारांची, १५० नावं. एकाखाली एक ठेवल्या तर ८०० ओळी होतात. आता अ आणि ब दोन्हींत असणारे ६० जण आहेत, अ आणि क मध्ये ३०, ब आणि क मध्ये २०, आणि तिन्ही याद्यांत असणारे १० जण आहेत.

मी ज्याला युनियन म्हणून शिकले त्याला मराठी माध्यमातले मित्र संयोग संच म्हणतात, आणि इंटरसेक्शनला छेद संच. नाव काहीही असो, सूत्र एकच. तिन्हींची बेरीज करा, दोन-दोनचे छेद वजा करा, तिघांचा छेद परत मिळवा. ८०० वजा ११० अधिक १०, म्हणजे ७००. ओळी आठशे, माणसं सातशे. यांपैकी ८० जणांना दोन-दोन पत्रं गेली असती आणि १० जणांना तीन-तीन.

पण खरा फायदा शंभर पत्रं वाचण्यात नाही. अ आणि ब मध्ये असलेले, पण क मध्ये नसलेले किती? ६० वजा १०, म्हणजे ५०. हे ५० माजी विद्यार्थी कॉलेजात येऊन गेले आहेत, पण त्यांनी अजून देणगी दिलेली नाही. देणगीचं पत्र लिहायचं असेल तर पहिलं यांना लिहावं. वेगवेगळ्या पडून असलेल्या तीन याद्यांपैकी एकाही यादीत हे पन्नास जण वेगळे दिसत नाहीत. ते दिसतात फक्त याद्या जोडल्यावर. वेंडेल स्मिथ यांनी १९५६ साली 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये मांडलं होतं की बाजार एकजिनसी नसतो, वेगवेगळ्या गरजांच्या लहान लहान बाजारांनी तो बनलेला असतो. आज ज्याला सेगमेंटेशन म्हणतात त्याचं मूळ हे.

तोच माणूस ओळखायचा कसा?

वरच्या गणितात मी एक गोष्ट गृहीत धरली होती. दोन याद्यांतली नावं एकाच माणसाची आहेत हे आपल्याला कळतं, असं. प्रत्यक्षात घोडं इथेच पेंड खातं. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत निदान चार तऱ्हांनी लिहितात. एकाने फोन नंबरच्या आधी शून्य लावलेला असतो, दुसऱ्याने ९१. कुणी मधलं नाव लिहितं, कुणी फक्त आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं तर विचारूच नका. संगणकाच्या दृष्टीने हे सगळे वेगळे लोक.

या प्रश्नाला 'रेकॉर्ड लिंकेज' म्हणतात. हे नाव १९४६ साली अमेरिकेतल्या हॅल्बर्ट डन यांनी एका लेखात वापरलं. जन्म, लग्न, मृत्यू अशा नोंदी जोडून एका माणसाचं एक पुस्तक कसं तयार होईल, असा त्यांचा विषय होता. पुढे १९६९ साली कॅनडाच्या सरकारी संख्याशास्त्र विभागातले इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी त्याला पक्कं गणिती रूप दिलं. त्यांच्या पद्धतीत नोंदींच्या प्रत्येक जोडीसाठी तीन उत्तरं असतात: जुळते, जुळत नाही आणि तपासून पाहा. हे तिसरं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण चुका दोन प्रकारच्या होतात. एक माणूस दोन ठरणं ही पहिली, आणि दोन माणसं एक ठरणं ही दुसरी. पहिल्या चुकीत फार तर एक पत्र जास्त जातं. दुसऱ्या चुकीत एक माणूस यादीतून गायबच होतो, आणि त्याचा पत्ता कुणाला लागत नाही.

म्हणून जुळवणीसाठी कुठला रकाना धरायचा हे विचार करून ठरवावं लागतं. नाव चालत नाही, एकाच नावाचे दोघं प्रत्येक बॅचला असतात. मोबाइल नंबर बरा, पण आपल्याकडे फर्स्ट इयरच्या फॉर्मवर पुष्कळ जण वडिलांचा नंबर देतात. सख्खे भाऊ-बहीण एकाच कॉलेजात असले की नंबर एक आणि माणसं दोन. म्हणून ईमेल हा मुख्य रकाना धरावा. ईमेल नसेल तर नंबर आणि नाव दोन्ही जुळले तरच ओळी जोडाव्यात, आणि फक्त एक जुळलं तर ती ओळ 'तपासून पाहा'मध्ये टाकावी.

जोडण्याआधी साफसफाई हवीच. सगळे ईमेल लहान अक्षरांत करा, मागचे-पुढचे स्पेस काढा, नंबर फक्त शेवटच्या दहा आकड्यांवर आणा. एक्सेलमध्ये ट्रिम, लोअर आणि राइट या तीन फंक्शन्सनी हे होतं.

सॉफ्टवेअरमध्ये काय होतं?

उदाहरण म्हणून मेलचिंप घेऊ. हे सॉफ्टवेअर २००१ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात सुरू झालं. त्यात याद्यांना 'ऑडियन्स' म्हणतात आणि दोन ऑडियन्स एकमेकांना ओळखत नाहीत. एकच पत्ता दोन ऑडियन्समध्ये असेल तर तो दोन कॉन्टॅक्ट म्हणून मोजला जातो आणि पैसेही दोघांचे लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका ऑडियन्समधून 'अनसब्स्क्राइब' केलेला माणूस दुसऱ्या ऑडियन्समध्ये तसाच राहतो.

म्हणून सल्ला असा की ऑडियन्स एकच ठेवा आणि आत टॅग लावा. टॅग म्हणजे आपण चिकटवलेली चिठ्ठी: 'माजी विद्यार्थी', 'वर्कशॉप', 'देणगीदार'. सेगमेंट म्हणजे अट: 'माजी विद्यार्थी आहे आणि वर्कशॉपला आला आहे, पण देणगीदार नाही.' टॅग आपण लावतो, सेगमेंट सॉफ्टवेअर शोधून देतं. एसक्यूएल शिकलेल्यांना यातली 'वेअर'ची अट लगेच ओळखू येईल.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. टॅग आधी, जोडणी नंतर. तीन याद्या एकत्र ओतल्यावर कोण कुठून आला हे विचारायला गेलात तर उत्तर मिळणार नाही. दूध आणि पाणी एकत्र केल्यावर माप विचारण्यासारखं ते आहे. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक फाइलमध्ये 'कुठून' आणि 'कुठल्या वर्षी' असे दोन रकाने घाला, आणि मूळ फायलींची एक प्रत बाजूला ठेवा.

नको म्हणणाऱ्यांची यादी

आता सगळ्यात नाजूक भाग. कुणी 'मला मेल पाठवू नका' म्हटलं की आपण त्याचं नाव पुसून टाकतो आणि काम झालं असं समजतो. पण पुढच्या वर्षी दुसरी कमिटी येते, जुनी फाइल पुन्हा चढवते आणि ते नाव परत येतं. पुसलेलं नाव यंत्राला आठवत नाही, म्हणून ते त्याला नवीनच वाटतं. गंमत अशी की एखाद्याला कायमचं वगळायचं असेल तर त्याचा पत्ता वेगळ्या यादीत जपूनच ठेवावा लागतो. ही वगळण्याची यादी प्रत्येक जोडणीनंतर सगळ्यात शेवटी वजा करायची.

हे फक्त नियमासाठी नाही. एखादा माजी विद्यार्थी हे जग सोडून गेलेला असतो. घरच्यांनी एका ऑफिसला तसं कळवलेलं असतं आणि तिथे नावावर रेघही मारलेली असते. दुसऱ्या यादीत मात्र ते नाव तसंच असतं. मग त्या घरी मेल जातो, 'यंदा नक्की या, आम्ही वाट पाहतोय.' तो मेल वाचणाऱ्या आईला डुप्लिकेट म्हणजे काय हे कोण समजावणार? यंत्राने नियमाप्रमाणेच काम केलेलं असतं. नियम लिहिणाऱ्याने त्या घराचा विचार केलेला नसतो.

कायदाही याच दिशेने जातो आहे. आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी आणि संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं, हे त्यातलं तत्त्व. म्हणजे वर्कशॉपच्या सर्टिफिकेटसाठी दिलेला पत्ता देणगीच्या पत्रासाठी वापरण्याआधी विचारायला हवं. मगाशी काढलेल्या त्या पन्नास जणांनाही हे लागू आहे! त्यांनी माजी विद्यार्थी म्हणून पत्रं घ्यायला होकार दिला असेल तरच त्यांना लिहावं. शिवाय जीमेलवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून अट घातली आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. हजारात तीन माणसं चिडली की सगळ्यांचेच मेल अडकू शकतात.

थोडक्यात क्रम असा

मूळ फायलींची प्रत ठेवा. रकान्यांची नावं सगळीकडे सारखी करा. साफसफाई करा. टॅग लावा. मग जोडा. 'तपासून पाहा'मधल्या ओळी स्वतः डोळ्यांनी वाचा, हे काम यंत्रावर सोडू नका. वगळण्याची यादी वजा करा. त्यानंतर सेगमेंट काढा, आणि खरा मेल सोडण्याआधी दहा ओळखीच्या पत्त्यांवर पाठवून बघा.

कमिटी दर वर्षी बदलते, याद्या मात्र राहतात. तेव्हा चार्ज देताना नव्या लोकांच्या हातात दोन फायली द्या, एक बोलवायच्या लोकांची आणि एक न बोलवायच्या लोकांची. माझ्या मते दुसरी जास्त जपायची, कारण पहिली परत तयार करता येते.