बरडीतले गोटे, घरचा पंजा

प्रश्न : अड्याळजवळ आमची बरडी जमीन आहे. नांगरलं की गोटेच वर येतात, वेचायला मजूर मिळत नाही. घरच्या घरी काही अवजार बनेल का?

उत्तर : बनेल. जुन्या कल्टिव्हेटरच्या सांगाड्याला ट्रकच्या भंगारातले कमानपाटे दातांसारखे लावा. दोन दातांत चार बोटांची फट. पाटे वेल्ड मात्र करू नका. ते पोलाद सांध्यापाशी ठिसूळ होतं आणि पहिल्याच मोठ्या गोट्याला तडकतं. भंगारातच मिळणाऱ्या यू-बोल्टने आवळा. उन्हाळ्यात, माती कोरडी असताना, ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये चालवा. ओळीने जमलेले गोटे धुऱ्याच्या उताराकडच्या अंगाला रचा. रुतलेल्या धोंड्याला सब्बलच लागेल. बारीक मुरूम राहू द्या. तो पावसाचा मार झेलतो, ओलही टिकवतो.