सामूहिक प्रार्थनेतील स्तुती आणि कृतज्ञता

बंगळूर शहराच्या मल्लेश्वरम भागात सेंट पीटर्स हे कॅथलिक धर्मगुरूंना शिक्षण देणारे जुने विद्यालय आहे. त्याची परंपरा फ्रेंच मिशनऱ्यांनी पाँडिचेरीत चालविलेल्या विद्यालयापर्यंत मागे जाते. अशा विद्यालयांत तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांच्या अध्ययनाइतकेच महत्त्व नित्याच्या सामूहिक प्रार्थनेला असते. या प्रार्थनेची रचना पाहिली म्हणजे ख्रिस्ती उपासनेत स्तुती आणि कृतज्ञता यांचे स्थान कोणते, हे ध्यानात येते.

सकाळच्या प्रार्थनेचे लॅटिन नावच मुळी ‘लाउदेस’ म्हणजे ‘स्तुती’ असे आहे. प्रथम गीत, मग स्तोत्रे, त्यानंतर लहानसे शास्त्रवाचन, पुढे लूककृत शुभवर्तमानातील जखऱ्याचे स्तुतिगान आणि त्यानंतर याचना, असा तिचा क्रम असतो. मागणे मागाहून येते, यात अर्थ आहे. जे लाभले त्याचे स्मरण आधी झाले, की मागणाऱ्याची दृष्टी केवळ स्वतःच्या उणिवांवर खिळून राहत नाही.

स्तुती आणि कृतज्ञता यांत सूक्ष्म भेद आहे. देव कसा आहे हे गाणे ही स्तुती. त्याने आपल्यासाठी काय केले हे आठवणे ही कृतज्ञता. बायबलमधील १३६ व्या स्तोत्रात या दोहोंचा संगम झाला आहे. त्याच्या २६ कडव्यांत सृष्टीची निर्मिती, मिसर देशातून झालेली सुटका आणि सर्व प्राण्यांना मिळणारे अन्न यांचा उल्लेख येतो व प्रत्येक कडव्याच्या अखेरीस एकच पालुपद असते. एकाने कडवे म्हणावे आणि समुदायाने पालुपद उचलावे, अशीच ही रचना आहे. कीर्तनात ध्रुपद धरणाऱ्या मराठी श्रोत्यांना ती परकी वाटू नये. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग व कीर्तन ही माध्यमे ख्रिस्ती भक्तीसाठी वापरली, तीही हाच धागा ओळखून.

परंतु ज्याचे मन दुःखाने भरले आहे, त्याने आभार कसे मानावेत? येथे समुदायाचे महत्त्व कळते. नित्यप्रार्थनेत स्तोत्रे चार आठवड्यांच्या चक्रात वाटून दिलेली आहेत. ती म्हणणाऱ्याच्या मनःस्थितीनुसार निवडली जात नाहीत. त्यामुळे आनंदी मनुष्याच्या वाट्याला कधी विलाप येतो, तर शोकग्रस्ताच्या वाट्याला स्तुती. एकाला आपल्या सुखातही दुसऱ्याच्या वेदनेची आठवण होते. दुसऱ्याला आज न फुटणारा शब्द शेजारचा कंठ उच्चारतो. येथे कृतज्ञतेची सक्ती नाही, तिचा भार वाटून घेणे आहे.

शुक्रवारी रात्री निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ८८ वे स्तोत्र येते. त्याचा शेवट अंधारात होतो. सांत्वनाचा एकही शब्द तेथे उरत नाही. धर्मसभेने ते गाळले नाही, अथवा त्याच्या शेवटाला मुरड घातली नाही. शोकाला त्याची रात्र दिली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच समुदाय पुन्हा एकत्र येतो आणि स्तुतीला आरंभ करतो.