मुंगळ्यांना पंख कधी फुटतात?

प्रश्न : वळवाची सर येऊन गेली आणि आमच्या जवळच्या बागेत एका बिळातून पंखवाले मुंगळे भराभर बाहेर पडले. एरवीच्या मुंगळ्यांना असे एकाएकी पंख फुटतात का? की ती वाळवी होती?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एरवी दिसणाऱ्या मुंगळ्याला पंख कधीच फुटत नाहीत. ती कामकरी मादी असते. कोशातून बिनपंखांची निघते आणि तशीच राहते. तुम्हाला दिसले ते नर आणि भावी राण्या. ते पंखांसकटच कोशातून बाहेर येतात आणि हवामान जुळेपर्यंत बिळात थांबतात.

जमीन भिजली, हवा दमट झाली, वारा पडला की परिसरातल्या एकाच जातीच्या अनेक बिळांतून ते एकदम उडतात. त्यामुळे वेगवेगळ्या बिळांतल्या नर-माद्यांची गाठ पडते आणि कोतवाल, वेडे राघू, चतुर यांनी कितीही मटकावले तरी काही उरतातच. मीलनानंतर नर लवकरच मरतात. राणी खाली उतरून आपले पंख गाळते, जमिनीत शिरते आणि स्वतःला कोंडून घेते. पहिल्या कामकरी तयार होईपर्यंत ती बाहेरचं काही खात नाही. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी, तेच जिरवून ती अळ्यांना भरवते. या उड्डाणात मिळालेले शुक्राणू तिला जन्मभर पुरतात. आणि हा जन्म लहान नसतो: युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत सुमारे २८ वर्षं जगली होती.

वाळवी ओळखणं सोपं आहे. तिचे चारही पंख सारखे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात. मुंगळ्याचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. वाळवी ही मुळात झुरळाची नातलग.

हे उड्डाण पाहायचं असेल तर बागेतली बिळं आधीच हेरून ठेवा. काही जाती सकाळी उडतात, काही तिन्हीसांजेला. म्हणून पहिल्या सरींनंतर दोन्ही वेळा चक्कर मारा. तोंडाशी कामकऱ्यांची लगबग वाढली, पंखवाले गवताच्या पात्यांवर चढू लागले, की वेळ आली समजा. बीळ उकरू नका, त्यावर पावडर टाकू नका. नंतर वाटेत एकटीच फिरणारी, पंख गळालेली थोराड मुंगळी दिसली तर तिला वाट द्या. नवी वसाहत तिच्यापासूनच सुरू व्हायची आहे.